बापानं घातलेलं पाणी

ओदिलोने मूल हातात घेतलं तेव्हा ते निळं पडलं होतं. ओदिलोची आई तेक्ला शेजारच्या गारिनला बोलवायला बर्फ तुडवत गेली होती. पाद्रीबाबा नदीपलीकडे राहायचे आणि त्या दिवशी नदी ओलांडणं म्हणजे जिवाशी खेळ होता. लेउता पेंढ्यावर पडल्या पडल्या नवऱ्याकडे बघत होती. पहिलंच बाळंतपण, तेही महिनाभर आधी.

आमच्याकडे बापाने स्वतःच्या पोराला बाप्तिस्मा द्यायचा नसतो. अडीनडीला शेजारी चालतो, वाटेवरचा भिकारी चालतो. बाप चालत नाही.

“गारिन येईपर्यंत थांबू या का?” ओदिलोने विचारलं.

“हा थांबतोय का ते बघा!” लेउता म्हणाली. “अहो, घाला पाणी.”

त्याने मडक्यातलं पाणी ओंजळीत घेऊन तीनदा पोराच्या डोक्यावर घातलं आणि त्याचं नाव सिल्वेन ठेवलं. तेक्ला गारिनला घेऊन आली तेव्हा सगळं संपलं होतं, आणि ओदिलोचे हात अजून ओले होते.

“अरे, काय करून बसलास मेल्या!” तेक्लाने कपाळ बडवून घेतलं. ती नातवासाठी रडत होती की लेकाच्या संसारासाठी, ते तिचं तिलाच ठाऊक.

हा नियम आमच्या डोंगरातला नव्हे. डुकरं आणि चेस्टनटची झाडं सांभाळणाऱ्यांना असले नियम काढायला सवड कुठली? तो आला रोमकडून. कुण्या सम्राटाने कधीकाळी ठरवलं, की धर्मपित्याने आपल्या धर्मकन्येशी लग्न करायचं नाही. ठीक आहे, शहाणपणाचं आहे. पुढे सम्राट गेला, त्याची फौज गेली, त्याच्या रस्त्याचे दगड आम्ही उपटून गोठ्यांना लावले. कायदा मात्र पाद्र्यांनी उचलला आणि वाढवत नेला. आता जो पाणी घालतो तो पोराचा धर्मपिता, आणि धर्मपिता म्हणजे पोराच्या आईचा धर्मभाऊ. मग भावाबहिणीने एका अंथरुणावर निजायचं कसं? तेव्हा नवराबायकोने वेगळं व्हायचं, जन्मभर. रस्ता टिकला असता आणि कायदा झिजला असता तर काय बिघडलं असतं, हे कुणी सांगत नाही.

“मी घातलं म्हणून सांगतो की,” गारिन म्हणाला. “माझे काय हात झिजणार आहेत?”

असं ठरलं. नदीवरचा बर्फ घट्ट झाल्यावर ओदिलोने घसरगाडीवर घोंगडी अंथरली, लेउता पोराला मांडीवर घेऊन बसली, आणि नदी ओलांडून सगळे चर्चच्या आवारात आले. बाळंतीण चर्चच्या आत चालत नाही, म्हणून पाद्री उर्सेनच बाहेर आले. म्हातारे, थंडीने नाक लाल झालेले. माणूस वाईट नव्हता.

बाप्तिस्मा झालेली तान्ही मुलं चर्चच्या वळचणीखाली पुरतात. छपरावरून ओघळणारं पाणी त्यांच्यावर पडत राहतं. न झालेल्यांना रानाच्या कडेला नेतात, आणि तिथे रानडुकरं उकरतात. लेउताला आपल्या पोराला वळचणीखाली ठेवायचं होतं. घरून निघाल्यापासून तिच्या मनात दुसरं काही नव्हतं.

“पाणी कुणी घातलं?” उर्सेनबाबांनी विचारलं.

“ह्या गारिनने,” तेक्ला घाईघाईने म्हणाली.

बाबा आत गेले आणि संताच्या हाडाची पेटी घेऊन आले. “गारिन, हिच्यावर हात ठेव आणि म्हण.”

गारिनने हात उचलला. तो हवेतच राहिला, मग हळूहळू खाली आला. “लेउता, मला माफ कर,” तो म्हणाला. “माझ्या घरी लेकरं आहेत गं. संताची खोटी शपथ घेऊन त्यांच्यावर काही आलं म्हणजे?”

“मग मी ठेवते!” तेक्ला पुढे झाली. “मीच घातलं पाणी!”

“तेक्लाबाई, आत्ता तर गारिन म्हणालात.”

“म्हातारपणी विसरायला होतं.”

बाबांनी पेटी पोटाशी धरली. त्यांनी ओदिलोकडे पाहिलं, मग लेउताकडे, आणि त्यांना सगळं कळलं. “हे बघा,” ते हलक्या आवाजात म्हणाले, “शपथ नाही तर बाप्तिस्मा नाही. ह्याला रानाकडे न्या. मी काही विचारलं नाही, तुम्ही काही सांगितलं नाही. घरी जा. तरुण आहात, दुसरं होईल.”

ओदिलोने मुकाट्याने घसरगाडीची दोरी खांद्यावर घेतली आणि गाडी रानाच्या बाजूला वळवली. त्याने बायको निवडली होती. लेउताला ते दिसलं. ह्या माणसावर तिचा फार जीव होता, आणि तेव्हा तर तिचं मन काठोकाठ भरून आलं.

“थांबा,” ती म्हणाली. गाडीवरून उतरून तिने पेटीवर हात ठेवला. “पाणी यांनी घातलं. मी पाहिलंय.”

“लेउता!” ओदिलो ओरडला.

उर्सेनबाबांनी डोळे मिटले. “पोरी, मी तुला वाट करून दिली होती.”

“मला कळलं होतं, बाबा.”

जमीन दगडासारखी झाली होती. ओदिलो आणि गारिनने आळीपाळीने कुदळ मारली. सिल्वेनला वळचणीखाली ठेवल्यावर बाबांनी सांगायचं ते सांगितलं. आजपासून हे दोघं धर्माने भाऊबहीण. ओदिलोने मठाच्या मेंढ्यांकडे जायचं, लेउताने सासूजवळ राहायचं, आणि एक जिवंत असेपर्यंत दुसऱ्याने लग्न करायचं नाही. मग ते पाठ फिरवून उभे राहिले. तेवढी दया त्यांच्या हातात होती.

“मला विचारायचं तरी,” ओदिलो म्हणाला.

“विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता.”

“म्हणालोच असतो.”

तिचा ऊर दुधाने ठणकत होता. तिने घोंगडी छातीशी घट्ट ओढली. “एकच सांगा. पाणी घातलंत तेव्हा तो हलला ना? तुमच्या हातात होता तो.”

मेलेल्याला घातलेलं पाणी नुसतं पाणी असतं, हे डोंगरातल्या पोरासोरांनाही माहीत आहे. तो बाप्तिस्मा नव्हे, त्याने कुणी धर्मपिता होत नाही, कुणी कुणाचा भाऊ होत नाही. ओदिलोने ‘नाही’ म्हटलं असतं तर दोघं आत्ता घरी गेली असती, आणि सिल्वेनला उकरून रानाच्या कडेला न्यावं लागलं असतं.

त्याने ओल्या मातीकडे पाहिलं.

“हलला,” तो म्हणाला. “पाय मारला त्याने. चांगला जोरात.”

ओदिलोला खोटं बोलता येत नसे. बोलायला गेला की त्याचे कान लाल व्हायचे, आणि सगळ्या खोऱ्यात ही गोष्ट लेउताइतकी कुणाला ठाऊक नव्हती. ती त्याच्या लाल झालेल्या कानांकडे बघत राहिली.

“मला वाटलंच,” ती म्हणाली. “जोरकस होता.”

मग ओदिलो मठाच्या वाटेला लागला, आणि तेक्लाने सुनेला घसरगाडीवर बसवून दोरी स्वतःच्या खांद्यावर घेतली.