खिडकीपाशी थांबलेली सावली

फोन आला तेव्हा चष्मेवाला भिंगाची कड घासत होता. फोन बायकोच्या लॅबमधून होता, पण आवाज तिचा नव्हता. "तुम्ही लगेच या," एवढंच पलीकडचा माणूस म्हणाला. नमुन्यांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावता लावता ती जरा टेकते म्हणून खुर्चीत बसली आणि बसली ती उठलीच नाही, हे त्याला दवाखान्यात पोचल्यावर कळलं.

दुसऱ्या शहरात नोकरी करणारी मुलगी धावत आली. घर माणसांनी भरलं आणि रिकामंही झालं. बापलेक दोघंच उरली, तेव्हा मुलीला टीव्हीखाली लुकलुकणारा दिवा दिसला.

"बाबा, व्हिडिओ गेमचा डबा चालूच आहे."

"तिनं बंद कधी केलाय?"

तो डबा मूळचा मुलीचा. घर सोडताना ती तो मागे ठेवून गेली. आईनं फडका मारायला म्हणून हातात घेतला आणि मग काही सोडला नाही. तिच्या खेळात मारामारी नव्हती. कुठल्याशा लांबच्या ग्रहावर ओस पडलेलं एक केंद्र, त्यात एकटी बाई, आणि खोलीमागून खोली. खोलीतलं कोडं सुटलं की पुढचं दार उघडायचं. काचेबाहेर तांबूस धूळ वाहत असायची. मधूनच एक यंत्र शांत आवाजात विचारायचं, "पुढे गेली ती तू, की मागे राहिली ती तू?"

बायको भाजी निवडताना त्यावर विचार करायची आणि नवऱ्यालाही कामाला लावायची.

"त्या यंत्राला म्हणावं, नीट दिसत नसेल तर दुकानात ये, नंबर काढून देतो," तो म्हणायचा.

"हसा. शेवटी काय आहे ते कळलं ना, तरी तुम्हाला सांगणार नाही."

सांगणार होती. हे दोघांनाही ठाऊक होतं.

मुलीनं टीव्ही लावला. पडद्यावर बाई एका खोलीत उभी होती, बायकोनं सोडली होती तशीच.

"आई इथंपर्यंत आली होती," मुलगी म्हणाली आणि त्याला नियम समजावून सांगू लागली. कोपऱ्यातल्या लादीवर कुणी उभं असेल तेवढ्यापुरतंच दार उघडं राहतं. एकटी बाई लादीवरही उभी राहणार आणि दारातूनही जाणार कशी? म्हणून तिची चाल यंत्र टिपून ठेवतं. मग तिची सावली तीच चाल जशीच्या तशी करते. सावलीनं लादीवर उभं राहायचं, बाईनं जायचं.

"आणि मग सावली?"

"विरते. पुढच्या खोलीत नवी करायची. मागे येता येत नाही."

मुलीनं बटण दाबलं. बाईच्या अंगातून एक करडी सावली निघाली, खिडकीपर्यंत गेली आणि थांबली. पाठ खोलीकडे, तोंड धुळीकडे. बराच वेळ नुसती उभी राहिली. मग काही झालंच नाही अशी चालत लादीवर गेली.

"इथं का थांबली? यानंच सगळं बिघडतंय." दारापर्यंत एक पूल होता. त्यावर पाय ठेवला की तो खचू लागायचा, आणि मधल्या भिंतीमुळे तिथून सावली दिसायची नाही. मुलगी कधी लवकर निघाली, कधी उशिरा. दर वेळी बाई दारापाशी पोचायची, दार बंद असायचं, पूल खाली जायचा. "आईची ही सावली चुकलीय. नवी करते."

"नवी केली की ही?"

"पुसली जाणार."

"थांब. पुन्हा दाखव."

त्यानं पुन्हा पाहिलं. मग आणखी एकदा. खेळ मध्येच थांबवायचं बटण असतं, हे बायकोच्या कधी डोक्यात राहिलं नाही. उठायचं झालं की ती रिमोट सोफ्यावर टाकून उठायची, आणि पडद्यावरची बाई होती तिथंच उभी राहायची.

"चुकली नाही ती," तो म्हणाला. "मी हाक मारली होती."

ती गेली त्याच दिवशी सकाळी, तो दुकानात निघताना. त्यानं मुलीकडून रिमोट घेतला, कुठलं बटण कशाचं ते विचारून घेतलं आणि बाईला पुलाच्या टोकाशी उभं केलं. सावली सुटली. ती खिडकीपाशी पोचली असेल इतक्यात तो म्हणू लागला. दोघांचंही तोच बोलत होता.

"अगं, माझा चष्मा कुठंय?"

"चष्मेवाल्याच्याच घरात चष्मा हरवावा. डोक्यावर काय आहे मग? काखेत कळसा नि गावाला वळसा."

"हा जवळचा. मला दूरचा हवाय."

"दूरचं बघून करायचंय काय? थांबा, आले."

ती उठून आली होती. त्याच्याच खिशातला चष्मा काढून तिनं त्याच्या नाकावर बसवला होता, आणि त्याच्या काचेवर बोट उमटलं म्हणून पदरानं पुसलाही होता. तेवढा वेळ तो गप्प राहिला. मग त्यानं बाईला पुलावर घातलं.

दार बंद. पूल खचला.

मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, परत सोफ्यापर्यंत जायला वेळ लागेल ना तिला. गुडघा दुखतो तिचा."

खरंच की. गुडघा तो विसरला होता.

त्यानं पहिल्यापासून सुरुवात केली. हाक, टोमणा, खिसा, पदर. मग मनातल्या मनात तिच्यासारखं भिंतीला हात लावत, एक पाय जपून टाकत सोफ्यापर्यंत. बसताना ती "आई गं" म्हणायची, तेही तो म्हणाला, आणि मग त्यानं बाईला पुलावर घातलं.

पूल खचत होता, पण दार उघडलं. बाई उंबरठ्यावर पोचली. तिथून भिंतीआडचा कोपरा दिसत होता; मागे वळून पाहिलं तर सावली लादीवर उभी होती, दार उघडं धरून.

"पुढे गेली ती तू, की मागे राहिली ती तू?" यंत्रानं विचारलं.

"जा ना बाबा," मुलगी म्हणाली.

त्याचा अंगठा बटणावर होता. त्यानं तो उचलला. थोड्या वेळानं सावलीची चाल संपली, दार मिटलं आणि बाई पुन्हा खोलीच्या सुरुवातीला आली.

"तिला शेवट बघायचा होता, बाबा."

"माहीत आहे."

"मग?"

"बघू. आज राहू दे."

मुलगी रागावली नाही. रिमोट त्याच्याच हातात ठेवून ती चहा करायला उठली. काही दिवसांनी ती आपल्या शहरात परत गेली. आता फोनवर जेवलात का, झोप लागते का हे झालं की विचारते, "गेलात पुढे?" तो म्हणतो, अजून नाही.

दुकानातून आला की तो खेळ लावतो. सगळं त्याला तोंडपाठ झालंय, आता चूक होत नाही. दार दर वेळी उघडतं. पलीकडे जायचं राहिलं आहे.