न सांगता घेतलेली परीक्षा

ओळखलंत का मला? नाही ना? साहजिकच आहे. ज्याची गरज पडू नये असं सगळ्यांना वाटतं, त्याची ओळख कोण ठेवणार! मी अणुवीज केंद्रातला राखीव डिझेल जनरेटर बोलतोय. उंचीला दोन माणसांएवढा, लांबीला बसएवढा, आणि आवाजाचं म्हणाल तर कान झाकल्याशिवाय माझ्या खोलीत कुणी पाऊल टाकत नाही.

"हे केंद्र एवढी वीज बनवतं, मग त्याला डिझेलचं इंजिन कशाला?" असं इथे येणारे पाहुणे हमखास विचारतात. अहो, अणुभट्टी बंद केली तरी तिच्या पोटातली धग लगेच जात नाही. तिच्यातून पाणी फिरवत ठेवावं लागतं. त्याला पंप लागतात, आणि पंपांना बाहेरच्या तारांवरून वीज येते. त्या तारा कधी तुटल्या तर? तर मी! दहा आकडे मोजायच्या आत जागं व्हायचं आणि पंपांचा भार उचलायचा, हे माझं काम. शेजारच्या खोलीत माझा धाकटा भाऊ आहे, त्याचंही हेच. आम्हा दोघांपैकी एक जरी आजारी पडला तरी ठरलेल्या मुदतीत बरा करावा लागतो, नाहीतर भट्टीच थांबवावी लागते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे मला पूर्ण भार देऊन इतका पळवला, की दुसरा कुणी असता तर हात टेकले असते. मी हूं की चूं केलं नाही. मग ट्रेलरवर बसून इथे आलो. आधी मला जागेवर बसवलं आणि मग माझ्याभोवती भिंती बांधल्या. असा मान किती जणांना मिळतो, तुम्हीच सांगा.

इथे मला वस्ताद भेटले. देखभालीचे मुख्य मिस्त्री. त्यांना नाव आहे म्हणतात, पण ते घ्यायची कुणाची छाती नाही. त्यांचे जावईही इथेच फिटर. घरी त्यांना बसायला खुर्ची पुढे करत असतील, इथे मात्र वस्ताद म्हणायचे, "जावईबापू, इथे तुम्ही पाहुणे नाही. पाना उचला."

दर महिन्याला माझी चाचणी व्हायची. मला चावी फिरवून सुरू करत नाहीत बरं का. टाक्यांमध्ये दाबून भरलेली हवा असते. ती पाळीपाळीने एकेका सिलिंडरमध्ये शिरते, दट्ट्यांना ढकलते, मी फिरायला लागतो आणि मग डिझेल पेटतं. चाचणीच्या आदल्या दिवशी वस्ताद स्वतः यायचे. हवेच्या टाकीत साठलेलं पाणी सोडून द्यायचे. मग लोखंडी दांडा घालून माझं भलंमोठं चाक हाताने फिरवायचे आणि खडूने केलेल्या एका खुणेवर आणून थांबवायचे. "हं राजा, झालं अंग मोकळं?" असं म्हणून पाठ थोपटायचे. त्यांच्या बायकोने एकदा जावयाजवळ तक्रार केली होती म्हणे, "पोटच्या पोरांचे एवढे लाड कधी केले नाहीत यांनी."

त्यामुळे मी कधी नापास झालो नाही. "आपला गडी एका हाकेत उठतो," असं वस्ताद ज्याला त्याला सांगायचे, आणि ऐकून मीही मनातल्या मनात मिशीला पीळ द्यायचो. मिशी नाही ते सोडा.

मग चाचणी विभागात नव्या बाई आल्या. त्यांनी वस्तादांची ही सगळी तयारी शांतपणे पाहिली आणि विचारलं, "वस्ताद, संकट काय आदल्या दिवशी फोन करून येतं?"

"बाई, खेळाडूसुद्धा मैदानात उतरण्याआधी हातपाय झटकतो."

"खेळाडूला सामना कधी आहे ते ठाऊक असतं," बाई म्हणाल्या आणि निघून गेल्या.

पुढच्याच आठवड्यात एका सकाळी, वस्ताद चहाचा कप तोंडाला लावत असताना, बाईंनी कुणालाही न सांगता वरच्या नियंत्रण कक्षातून बटण दाबून मला हाक दिली.

काय सांगू तुम्हाला! हवा आली, मी जोर केला, आणि नुसतं फुस्स! चाक जरासं हललं आणि जागच्या जागी थांबलं. वर लाल दिवा लागला. एवढा मोठा देह आणि अशी फजिती! जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

सगळे धावत आले. पाळीप्रमुख आले, बाई आल्या, जावईबापू पाना घेऊनच आले. वस्तादांचा चहा टेबलावरच राहिला. डिझेल पाहिलं, पुरेसं होतं. बॅटरी ठीक, वरून आलेला आदेश ठीक, टाकीत हवा भरपूर. "जाम तर नाही झाला?" असं पुटपुटत वस्तादांनी दांडा घालून चाक फिरवलं. लोण्यासारखं फिरलं. "द्या आता हवा!" ते ओरडले. आणि मी असा गर्जत उठलो, की खिडकीच्या काचा थरथरल्या.

"झालं तर मग!" पाळीप्रमुखांनी घाम पुसला. "पहिल्या वेळी बटण नीट दाबलं गेलं नसेल. चालू म्हणून लिहून टाका."

"मीही तेच म्हणतो," वस्ताद म्हणाले. खरं सांगतो, मलाही तेच हवं होतं.

बाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. "पहिल्यांदा उठला नाही, दुसऱ्यांदा उठला. म्हणजे मधे काहीतरी बदललं. काय बदललं?"

जावईबापू खाकरले. "मामांनी चाक फिरवलं."

"घरी तोंड उघडत नाही तुमचं, इथे बरं उघडतं!" वस्ताद उखडले.

"कुठपर्यंत फिरवलंत?" बाईंनी विचारलं. वस्तादांनी खडूच्या खुणेकडे बोट दाखवलं. "दर वेळी इथपर्यंतच?"

"दर वेळी इथपर्यंतच," वस्ताद म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांचा चेहरा उतरला. मी इतकी वर्षं तो चेहरा पाहतोय, पण असा कधी पाहिला नव्हता.

"म्हणजे मी याला सोप्या जागी उभं करून परीक्षा घेत होतो," ते हळूच म्हणाले. "दुसरीकडे कुठे थांबला असता तर उठला असता की नाही, मलाच ठाऊक नाही."

पाळीप्रमुखांनी त्यांना बाजूला घेतलं, म्हणजे माझ्या अगदी कानाशी. "वस्ताद, पुढच्या महिन्यात तुम्ही निवृत्त होताय. तुमच्या हाताखाली हा एकदाही नापास झालेला नाही. जाता जाता कशाला डाग लावून घेता? आज चालू दाखवू, नंतर सवडीने बघू."

वस्तादांनी फडक्याने हात पुसले. हात स्वच्छच होते, तरी पुसत राहिले. मग म्हणाले, "आज संध्याकाळी तारा गेल्या तर त्या भट्टीला माझी निवृत्ती सांगू का? लागू दे डाग. नापास लिहा." मला फार राग आला त्यांचा. आणि फार अभिमानही वाटला.

मुदतीचं घड्याळ सुरू झालं. नुसत्या हवेवर मी फिरतो का ते पाहायला बाईंनी डिझेल बंद ठेवायला लावलं. वस्ताद मला थोडं फिरवायचे, बाई हवा द्यायला सांगायच्या. फिरला. आणखी थोडं फिरवा. फिरला. असं करत करत एका जागी आले आणि पुन्हा तेच, फुस्स! त्या जागी मला ढकलायचं काम एकट्या सहाव्या सिलिंडरवर येत होतं. जावईबापूंनी त्याची हवेची झडप उघडली. आत तांबडा गंज चिखलासारखा बसला होता आणि झडपेची दांडी त्यात रुतली होती.

"गंज आहे म्हणजे पाणी आहे," बाई म्हणाल्या. "हवेत पाणी आलं कुठून?"

"पाणी तर नेहमीच येतं. मी सोडून देतो की," वस्ताद म्हणाले आणि कपाळावर हात मारून घेतला. "घ्या! रोज फरशी पुसत बसलो, छप्पर कुठे गळतंय ते वर चढून पाहिलंच नाही."

मग सगळे हवेच्या नळीच्या मागोमाग गेले. हवा कोरडी करणाऱ्या डब्यातले ओलावा शोषणारे दाणे भिजून पार निकामी झाले होते. ते बदलले, नळ्या फुंकून काढल्या. "बाकीच्या झडपा?" जावईबापूंनी विचारलं. "त्या काय धुतल्या तांदळासारख्या आहेत? सगळ्या उघडा," वस्ताद म्हणाले. आणखी दोन झडपांना गंज धरू लागला होता. पाळीप्रमुख येऊन येऊन घड्याळ दाखवत होते, पण कुणी मान वर केली नाही. मुदत संपायच्या आत मी पुन्हा उभा होतो.

"आता कुठे थांबवायचा?" जावईबापूंनी विचारलं.

"जिथे तोंडावर आपटला होता तिथेच," वस्ताद म्हणाले. हवा आली आणि मी पहिल्याच धक्क्याला उठलो. मी थांबल्यावर वस्तादांनी ओलं फडकं घेतलं आणि खडूची खूण पुसून टाकली.

पुढच्या महिन्यात ते निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात माझ्या नापास होण्याचा उल्लेख सगळ्यांनी मुद्दाम टाळला. त्यांनी स्वतःच केला.

त्यानंतर काही महिन्यांनी, एका शांत दुपारी, दूर कुठेतरी विजेचा मनोरा कोसळला आणि सगळ्या तारा एकदम मेल्या. धाकटा नेमका दुरुस्तीसाठी उघडून ठेवलेला. म्हणजे सगळा भार माझ्या एकट्यावर. खोलीत चिटपाखरू नव्हतं. आदल्या दिवशी कुणी पाणी सोडलं नव्हतं, चाक फिरवलं नव्हतं, पाठ थोपटली नव्हती. हाक आली. दहा आकडे मोजायच्या आत पंप फिरत होते.

पुढचं जावईबापूंनी दुसऱ्या दिवशी माझ्याजवळ उभं राहून बाईंना सांगितलं. वस्तादांच्या घरातला पंखा बंद पडला, बाहेर डोकावले तर साऱ्या वस्तीची वीज गेलेली. त्यांनी लगेच जावयाला फोन लावला.

"उठला का?"

"उठला, मामा."

"जवळ कोण होतं?"

"कुणीच नव्हतं."

वस्ताद तिकडे घरात ओरडले, "अगं ऐकलंस का? आपला गडी एकटा उठला!" आणि फोन ठेवायचंही विसरले.

मी अजून इथेच आहे. तब्येत ठणठणीत आहे. माझी काळजी घेणाऱ्यांनो, माझे लाड जरूर करा, तेल बदला, गंज काढा, अंग पुसा. पण परीक्षा घ्यायला याल तेव्हा सांगून येऊ नका.