रंगनाथ पाटोळेंची साक्ष

हडपसरच्या आमच्या चर्चमध्ये रंगनाथ पाटोळे सव्वीस वर्षं कमिटीवर होते. ते प्रार्थनेला उभे राहिले की बायका डोळ्यांना पदर लावत. घर आजोबांपासून ख्रिस्ती, बाप्तिस्मा पाळण्यात असतानाच झालेला. त्यामुळे तुमची श्रद्धा खरी का, असं त्यांना कधी कुणी विचारलं नाही. त्यांनीही स्वतःला विचारलं नाही.

२००८ साली ईस्टरच्या आधी नवे पाळक भालेराव आले. चर्चमधली निम्मी तरुण मुलं तोवर आयटीत लागली होती; रविवारीसुद्धा कंपनीचे फोन यायचे. पाळक म्हणाले, "पाटोळेकाका, येत्या रविवारी तुम्ही साक्ष द्या. नवा जन्म म्हणजे काय आणि तुमचा तो कधी झाला, एवढंच या मुलांना सांगा. दहा मिनिटं बोला."

रंगनाथ घरी येऊन वही घेऊन बसले. वर 'साक्ष' असं लिहिलं आणि पुढे काही सुचेना. आयुष्यात त्यांनी एकदाच साक्ष दिली होती, त्र्याण्णव साली, कारखान्यातल्या चौकशीत.

तेव्हा ते प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबून भाग काढणाऱ्या यंत्रांवर, फिटर होते. बाजार नुकताच खुला झाला होता, परदेशी ऑर्डर आली होती आणि मशीन हळू चालतंय म्हणून साहेब ओरडत होते. हात आत जाऊ नये म्हणून प्रेसला लोखंडी गार्ड होतं. वेळ वाचावा म्हणून रंगनाथनी ते काढून ठेवलं. दुसऱ्या पाळीत त्यांचा दोस्त अल्लाबक्ष त्या प्रेसवर बसला आणि त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. साहेबांनी रंगनाथना आत बोलावलं. "गार्ड एक तर तू काढलंस, नाही तर त्याने. विचार करून बोल." रंगनाथ चौकशीत बोलले, "त्यानेच काढलं." अल्लाबक्षला कामावरून काढलं. वर्षभरात रंगनाथ फोरमन झाले.

दोन दिवस वही कोरीच राहिली. जेवणाआधीची प्रार्थनासुद्धा त्यांनी अर्ध्यावर सोडली. बायको शकूने विचारलं, "बरं नाही का?" गुरुवारी सकाळी त्यांनी येरवड्याची बस धरली.

अल्लाबक्षचं घराच्या दारातच रद्दीचं दुकान होतं. अंगठा आणि उरलेल्या एका बोटात सुतळी धरून तो गठ्ठे बांधत होता. वर न बघताच म्हणाला, "या, फोरमनसाहेब. रद्दी आणलीत?"

"अल्लाबक्ष, गार्ड मी काढलं होतं."

"माहीत आहे."

"चौकशीत मी खोटं बोललो."

"तेही माहीत आहे. मी तिथंच बसलो होतो." त्याने गाठ मारली. "आता काय, माफी पाहिजे?"

"पाहिजे. पण ती मागायचं तोंड नाही मला. खरं काय ते सांगायला आलोय."

सितारा, त्याची बायको, उंबऱ्यात येऊन उभी होती. ती म्हणाली, "आम्हाला काय सांगता? आम्ही भोगलंय. एजाजला सांगा. तेव्हा पोरगा नऊ वर्षांचा होता. अब्बाच्याच निष्काळजीपणाने बोटं गेली, असं सगळ्यांकडून ऐकत मोठा झाला. अजून बापाला घरातला दिवा बदलू देत नाही."

"कधी येतो?"

"सात वाजता."

तेव्हा साडेअकरा वाजले होते. रंगनाथ बाकावर बसून राहिले. गिऱ्हाइकं आली, गेली. अल्लाबक्ष गठ्ठे बांधत राहिला. चार वाजता सिताराने पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

एजाज आला, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. जुना कारखाना पाडून त्या जागी काचेची इमारत झाली होती, तिथंच तो सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचा. रंगनाथनी उभं राहून त्याला सगळं सांगितलं. साहेबांचा दबाव होता, हे शब्द ओठांवर आले होते. ते त्यांनी गिळले.

एजाजने बॅगेतून कागद-पेन काढलं. "लिहून द्या," म्हणाला.

त्यांनी लिहून सही केली. कागद हातात घेऊन तो बापाकडे वळला. "अब्बा, तुम्ही कधी बोलला का नाहीत?"

"बोललो होतो, दोनदा. तू ऐकलं नाहीस."

एजाज तिथंच गठ्ठ्यावर बसला आणि त्याने हातांत तोंड लपवलं. रंगनाथ तिथून निघाले.

बसस्टॉपवर ते एका कडेला उभे राहिले. सवयीने प्रार्थना करायला गेले, तर ती सगळी सुंदर वाक्यं आलीच नाहीत. "प्रभू, हा मी असा आहे," एवढंच तोंडून निघालं. आणि कुणीतरी ते ऐकलं, असं त्यांना वाटलं. बासष्ट वर्षांत असं पहिल्यांदाच वाटलं होतं. बस आली नि गेली. त्यांना कळलंही नाही.

रविवारी ते चार मिनिटंच बोलले. गार्डचं, चौकशीचं, येरवड्याचं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "माझा नवा जन्म कधी झाला, हे पाळकांनी विचारलं होतं. गुरुवारी झाला असावा. नक्की सांगता येत नाही, अजून उभं राहायला शिकतोय." कमिटीचा राजीनामा त्यांनी टेबलावर ठेवला. नंतर आवारात एक जण म्हणाले, "हे असलं देवाच्या घरात बोलायचं असतं का?" पाळकांनी मात्र जवळ येऊन त्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

शकू एकटीच घरी निघून गेली होती. ते पोचल्यावर तिने विचारलं, "इतकी वर्षं मी कुणाबरोबर संसार केला?" चौथ्या दिवशी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "त्या बाईच्या हातचा शीरखुर्मा दर ईदला खाल्लाय मी. आणि तिच्या नवऱ्याची बोटं गेल्यावर कधी दारातसुद्धा गेले नाही. मला तिच्यासमोर न्या."

शनिवारी दोघं येरवड्याला गेले. शकू आत सिताराजवळ जाऊन बसली. बोलणं ऐकू येत नव्हतं. मधेच कुणीतरी रडत होतं. रंगनाथ बाहेर बाकावर बसले.

माफ केलं, असं अल्लाबक्ष त्या दिवशी म्हणाला नाही, पुढेही कधी म्हणाला नाही. वर्तमानपत्रांचा एक मोठा गठ्ठा गुडघ्याखाली दाबून त्याने सुतळी ओढली. गाठ सुटत होती.

"बघत काय बसलास?" तो म्हणाला. "इथे बोट ठेव."

रंगनाथ पुढे सरकले आणि त्यांनी गाठीवर बोट ठेवलं.