खिशातला फ्यूज

हॉर्न खणखणीत वाजत होता. तोच तर काल संध्याकाळी रुपरावांनी घरच्या घरी दुरुस्त केला होता. बटण दाबलं की हुडकेश्वरची ती अख्खी गल्ली दणाणत होती. गाडी मात्र सेल मारमारून दमली तरी सुरू व्हायचं नाव घेत नव्हती.

पायरीवर त्यांची सून दामिनी नवी साडी नेसून, फाइल छातीशी धरून उभी होती. उमरेडच्या पुढे, बरंच आत असलेल्या एका गावच्या शाळेत तिला मास्तरकी मिळाली होती. आज अकराच्या आत हजर झाली नाही तर नोकरी यादीतल्या पुढच्या बाईला जाणार होती. त्या गावची एकुलती एक बस केव्हाच निघून गेली होती.

"काल सकाळी गाडी चालू होती का नाही?" तिनं विचारलं.

"होती."

"मंग तुमचा हात लागल्यावरच बंद पडली ना?"

"हॉर्नचा अन् इंजिनचा काय संबंध वं? कावळा बसाले अन् फांदी मोडाले गाठ पडली."

"हो ना. नेमकी आजच पडली."

महिनाभर घरात याच नोकरीवरून ठिणग्या उडत होत्या. बायको जाऊन बरीच वर्षं झालेला हा माणूस तोंडाचा फटकळ. "सून गाडी हाकत खेड्यापाड्यानं फिरन, अन् आम्ही काय पोळ्या लाटाच्या?" असं त्यांनी भर जेवणात विचारलं होतं. दामिनीही कमी नव्हती. "लाटा की, हात काही झिजत नाहीत," म्हणून तिनं ताट उचललं होतं. तेव्हापासून एकमेकांचा निरोपसुद्धा दोघं रजतच्या तोंडून धाडायचे. रजत म्हणजे एकाचा मुलगा आणि दुसरीचा नवरा, म्हणजे दोन्हीकडून मार खाणारा.

तो आत्ता फोनशी झटत होता. "कोणी टॅक्सीवाला तिकडे याले तयार नाही. मेकॅनिक दुपारी येतो म्हणते."

"मेकॅनिक कायले पाह्यजे?" रुपराव उसळले. "कोराडीचं पॉवर हाऊस सांभाळलं मी."

"तिथं डोक्यावर साहेब होता," दामिनी म्हणाली.

हे त्यांना फार लागलं. ते पुन्हा बॉनेटमध्ये घुसले. बॅटरीची टोकं घासली, पाना घेऊन आवळली. काल स्वतः जोडलेल्या वायरीची टेप सोडून पाहिली, पुन्हा गुंडाळली. फ्यूजच्या पेटीतला एकेक फ्यूज उपसून उजेडात धरला. जळालेला एकही नव्हता. काही जागा रिकाम्या होत्या, पण त्या पेटीत तशाही बऱ्याच रिकाम्याच असतात. समोरच्या गॅलरीतून यमुताई कपडे वाळत घालण्याच्या निमित्तानं सगळा तमाशा बघत होत्या. तो एक टॉवेल त्यांनी किती वेळा झटकला असेल, देव जाणे.

"पाहून घे," दामिनी नवऱ्याला म्हणाली, पण सासऱ्याला ऐकू जाईल अशा बेतानं. "मी जाऊ नये म्हणून मुद्दाम केलं यायनं."

रजत वडिलांजवळ आला. "बाबा, खरं सांगा. काही काढून ठेवलं का?"

सुनेचं बोलणं एक वेळ ठीक होतं. पोटच्या पोरानं विचारावं? रुपरावांच्या कानशिलाची शीर तडतडली. "तुझ्या मायच्या फोटोले रोज हार घालतो ना मी? तिची शपथ. काहीच काढलं नाही!"

आणि पेटी आणखी एकदा नीट पाहावी म्हणून त्यांनी चष्म्यासाठी खाकी शर्टाच्या खिशात हात घातला. चष्म्याखाली बोटांना काहीतरी लागलं. लहानसं, प्लास्टिकचं, दोन चपटे पाय असलेलं.

फ्यूज! कोराडीची सवय. लाइनला हात लावायच्या आधी फ्यूज उपटायचा आणि स्वतःच्या खिशात टाकायचा, म्हणजे आपला हात आत असताना दुसरा कोणी करंट सोडणार नाही. "ज्याचा हात, त्याचा खिसा," असं तिथली माणसं म्हणत. काल हॉर्नच्या फ्यूजबरोबर इंजिनचाही त्यांनी उपटला होता, चुकून कोणी गाडी सुरू करू नये म्हणून. हॉर्नचा बसवला, हॉर्न वाजला, खुशीत चहा प्यायले. दुसरा खिशातच राहिला.

आता बाहेर काढावा तर शपथ खोटी, माणूस खोटा. न काढावा तर दामिनीची नोकरी जाते. आणि ती जावी असं तर त्यांना वाटतच होतं! खिशात तसाच राहू द्यायचा, दुपारी मेकॅनिक यायच्या आत गुपचूप बसवायचा. कोणाच्या बापाला कळणार होतं?

दामिनीनं डोळे पुसले, तेही रागानं, नवी साडी चुरगळत. रुपरावांना तिची कीव आली नाही. पण बायकोची शपथ आठवली, आता लपवला तर ती जाणूनबुजून खोटी ठरणार होती, आणि हात खिशाबाहेर आला.

तळहातावर फ्यूज होता. समोर यमुताईंचा टॉवेल झटकायचा थांबला.

"सवयीनं टाकला खिशात," रुपराव म्हणाले. "इसरलो."

"इसरले?" दामिनीचा आवाज अगदी खाली आला होता. "रोज जेवताना तुम्हीच सांगता ना, साऱ्या नोकरीत एकही फ्यूज खिशातून घरी आला नाही म्हणून?"

तिनं फ्यूज उचलला, रजतला बसवायला लावला. पहिल्याच सेलला गाडी धडधडली. दामिनी ती घेऊन निघाली. कोपऱ्यावर वळताना हॉर्न वाजला, अगदी खणखणीत.

"बाबा, आता गाडीले हात लावू नका," रजत म्हणाला आणि आत निघून गेला.

रुपराव उघड्या हत्यारांपाशी उभे राहिले. मी इसरलो, खरंच इसरलो, असं ते पुटपुटत होते. मग त्यांना कालची रात्र आठवली. हाच शर्ट खुंटीला लावताना खिशातलं काहीतरी बोटाला टोचलं होतं. सकाळी पाहू, म्हणून त्यांनी दिवा मालवला होता.