खोकणारी फौज

तरुणनं आयुष्यात एकच मोठी गोष्ट केली, आणि नेमकी तीच बिघडलेली निघाली. असं बोलू नये, पण देवासात त्याला ओळखणारं कुणीही हेच सांगेल.

पंचविशीत असताना त्यानं कॉम्प्युटरवरचा लढाईचा खेळ बनवला होता. नाव ‘थोरली पाती’, देवासच्या दोन राजघराण्यांपैकी थोरल्याचं. वरून सगळा मुलूख दिसायचा. ज्वारी पिकवायची, बुरूज बांधायचे, शिपाई उभे करायचे आणि धाकट्या पातीची छावणी मोडायची. आणि हे पाळीपाळीनं नाही, सगळं एकदम धावतंपळतं. असले खेळ बाहेरदेशी शंभर माणसं मिळून करतात. तरुणनं एकट्यानं केला, आणि दिसायचाही तसाच. हत्ती टेकरीच्या पहिल्याच पायरीवर अडकायचा, की त्याच्यामागे अख्खी फौज रेशनच्या दुकानासारखी रांग लावून उभी. घोडे तळ्यात शिरले की शिरले, परत यायचं नाव नाही. शिपायांना आवाज दिला होता तरुणच्या वडिलांनी, जगदेवरावांनी. ‘आज्ञा, सरकार!’ असं ठणकावून म्हणाले आणि शेवटी खोकले. तो खोकला तरुणला काही काढता आला नाही. मग काय, शिपाई खोके, सरदार खोके, शेतात निंदणी करणारी बाईसुद्धा पुरुषी आवाजात ‘आज्ञा, सरकार’ म्हणून खोके.

हे एकवेळ चाललं असतं. खरी खोट वेगळीच होती. तुमचा शेवटचा शिपाई पडला की खेळ संपायचाच नाही! नगारा वाजतोय, झेंडा फडकतोय, मैदानात चिटपाखरू नाही, आणि कुठलंही बटण दाबा, ढिम्म. कॉम्प्युटरची तारच उपटावी लागायची.

आणि ही खोट तरुणची नव्हती बरं का. त्यानं शेवट नीट केला होता. झेंडा खाली येतो, अक्षरं उमटतात, ‘तुमचा पराभव झाला’, खेळ बंद. पण जगदेवरावांचे आजोबा थोरल्या पातीच्या पागेवर होते. जगदेवरावांनी ती अक्षरं पाहिली आणि उभे राहिले.

“थोरल्या पातीचा झेंडा माझ्या घरात पडलेला चालायचा नाही. काढ ते.”

“आबासाहेब, खेळ आहे. खेळात कुणीतरी हरणारच.”

“धाकटे हरू देत. आपण नाही. काढ म्हणतो ना!”

तरुणनं काढलं. वडिलांपुढे बोलायची रीतच नव्हती त्या घरात. पुढे इंदूरचा एक कंपनीवाला खेळ बघायला आला, धडाधड हरला, आणि नगाऱ्यासमोर चहा गार होईपर्यंत बसून निघून गेला. तेव्हापासून तरुण रोज बस पकडून सोनकच्छच्या एका शाळेत पोरांना कॉम्प्युटर शिकवायला जातो. आता शेहेचाळिशी आली.

अशात गेल्या वर्षी त्याला धारच्या अमनचा निरोप आला. हा अमन म्हणजे ‘फुस्स फौज’ नावाच्या चॅनलवाला. कुणी नाव न ऐकलेले, फसलेले लढाईचे खेळ शोधून काढायचे, ते खेळत खेळत व्हिडिओ करायचा. बघणारे लाखांनी. त्याला जुन्या बाजारात ‘थोरली पाती’ची एक सीडी मिळाली होती, पण ओरखडे पडून ती चालेना. ‘भिया, तुमच्यावर पूरा एपिसोड करायचा आहे,’ असं त्यानं लिहिलं होतं. मग फोनवर तरुणनं त्याला खेळाची सगळी कहाणी सांगितली, खोकला आणि वडिलांनी काढायला लावलेला शेवट धरून.

तरुणला चॅनल ठाऊक होता. तिथे खेळांची हजामत होते हेही ठाऊक होतं. पण माणसाचा जीव वेडा असतो हो! “हसतील हत्तीला, हसू देत,” तो अल्पनाला, आपल्या बायकोला, म्हणाला. “पण खेळ पुरा झालेला एकदा तरी लोकांनी बघावा. माझं एवढंच मागणं आहे.” मग रोज शाळेतून आल्यावर तो जुन्या कॉम्प्युटरपुढे बसायचा. हत्तीला हात लावला नाही, खोकल्याला नाही. फक्त तो शेवट परत बसवला, वडिलांना न सांगता. वीस वर्षांपूर्वीचं आपलंच काम त्याला कळेना, कपाळाला हात लावून बसायचा. पण एक दिवस झेंडा खाली आला आणि खेळ आपसूक बंद झाला, तेव्हा तो स्वयंपाकघरात जाऊन अल्पनाला नुसतं म्हणाला, “झालं गं.” डोळे भरून आले होते त्याचे.

रविवारी सकाळी अमन कॅमेरा घेऊन आला. अल्पनानं पोहे-जलेबी पुढे ठेवली. जगदेवराव बंद गळ्याचा कोट घालून दिवाणावर बसले होते. खोकला हाच का, म्हणून अमननं विचारलं, तर त्यांनी ‘आज्ञा, सरकार!’ म्हणून दाखवलं, आणि खरंच खोकले. अमन हसून लोटपोट.

“काका, तुम्ही तर स्टार आहात!” जगदेवराव खूश.

मग अमन आतल्या खोलीत खेळायला बसला. हत्ती अडकला, त्यानं टाळ्या पिटल्या. घोडे तळ्यात गेले, तो खुर्चीतून पडायचा बाकी राहिला. तरुणही हसला, पण त्याचं सगळं लक्ष शेवटाकडे होतं. अखेर एकच शिपाई उरला. खोकला, पडला. नगारा थांबला. झेंडा हळूच खाली आला.

“तुमचा पराभव झाला,” अमननं मोठ्यानं वाचलं आणि कॅमेरा बंद केला. “भिया, हे काय? ये तो ठीक हो गया!”

“हो,” तरुण म्हणाला. “मी दुरुस्त केलं. खास तुमच्यासाठी.”

“अरे यार, कशाला केलं? हँग होतो, हाच तर पूरा माल होता! पापाने मना किया इसलिए फौज हारती नहीं, याच्यावर तर माझा एपिसोड होता. ठीक गेम कोण बघणार, सांगा तुम्हीच!”

एवढ्यात दाराशी खोकल्याचा आवाज आला. जगदेवराव उभे होते. त्यांनी पडद्यावरचा झेंडा पाहिला, मग मुलाकडे पाहिलं. रागावले नाहीत, काही नाही. काठी टेकत देवघरात गेले आणि रुमालात बांधलेली जुनी सीडी घेऊन आले.

“हा घ्या,” ते अमनला म्हणाले. “खरा हा आहे.”

अमननं वाकून त्यांच्या पायांना हात लावला. एकाला हसायला मोडका खेळ हवा होता, दुसऱ्याला मिरवायला. नीट झालेला कुणालाच नको होता. दोघांच्या मधे तरुण हात लोंबकळत उभा राहिला.

व्हिडिओ तुफान चालला. घरच्या टीव्हीवर सगळ्यांनी मिळून पाहिला. अमननं प्रत्येक खोकल्याला घंटी लावली होती. शेजारपाजारचे पोट धरून हसत होते. शेवटी मैदान रिकामं झालं, नगारा वाजत राहिला आणि अमन ओरडला, “हम हारे नहीं! पापाने मना किया है!” जगदेवरावांना थट्टा कळली की नाही, देव जाणे. त्यांनी तरुणच्या पाठीवर थाप मारली. लहानपणापासून तरुणला आठवत होती अशी ती पहिलीच थाप.

“बघ,” ते म्हणाले. “एवढी वर्षं झाली. हरलो का आपण?”

सोमवारी तरुण वर्गात शिरला आणि मागच्या बाकावरून कुणीतरी ‘आज्ञा, सरकार’ म्हणून खोकलं. मग अख्खा वर्ग खोकला. तो फळ्याकडे तोंड करून तास संपेपर्यंत लिहीत राहिला.

संध्याकाळी जगदेवराव दिवाणावरून म्हणाले, “ते दुसरं पुसून टाक. झेंडा पडतो ते.”

“पुसू नका हो,” अल्पना हळूच म्हणाली. “राहू द्या तुमच्यापाशी. त्यांना कुठे कळतंय?”

आत जाऊन तरुणनं दुरुस्त केलेला खेळ लावला. सगळी फौज छावणीबाहेर काढली आणि शत्रूसमोर नुसती उभी केली. एकेक शिपाई वडिलांच्या आवाजात खोकून पडत गेला. झेंडा खाली आला, अक्षरं उमटली, त्यानं ती सावकाश वाचली, आणि खेळ बंद झाला. मग त्यानं तो पुसला.

“पुसलंस का रे?” बाहेरून आवाज आला, मागोमाग खोकला.

“आज्ञा, आबासाहेब,” तरुण म्हणाला.