जोडीला दुसरी मशीन

तारामतीबाईंना शिवण्यापेक्षा शिकवण्याची हौस जास्त. नल्लकुंट्याच्या त्या इमारतीतली निम्मी पोरं सुईत दोरा ओवायला त्यांच्याच मांडीपाशी बसून शिकली होती. पोर कितीदा चुकलं तरी त्यांचा आवाज चढत नसे. "उसवू, पुन्हा घालू, दोरा कुठं पळून चालला," एवढंच म्हणत. पण गेल्या उन्हाळ्यापासून मनात काहीतरी सारखं टोचत होतं, आणि ते टोचणं तिसऱ्या मजल्यावर राहत होतं.

सुजाता पुण्याहून आलेली, कंपनीत नोकरी करणारी. तिच्याकडे सुईत आपला आपण दोरा ओवणारी मशीन होती. तारामतीबाईंची नात तन्वी एकदा वर जाऊन ती बघून आली आणि तेव्हापासून घरातलं प्रत्येक बोलणं "सुजातामावशी म्हणते" इथून सुरू व्हायला लागलं.

"मावशी कधी झाली ती? तुझ्या आईला तर बहीणच नाही," तारामतीबाई म्हणाल्या.

"आजी, तू पण ना," असं म्हणून तन्वी जिन्याकडे पळाली.

त्यातच तन्वीच्या आत्याला मुलगी झाली. बारशाला बाळाच्या अंगाखाली माहेरची गोधडी पाहिजे, तीही घरातल्या जुन्या मऊ साड्यांची, असा त्यांच्याकडचा रिवाज. चौकोन आणि तिकोन कापून झाले. अर्ध्या ओळी आजीनं जोडायच्या, अर्ध्या नातीनं, असं ठरलं. फक्त आजीची जुनी काळी पायमशीन अधूनमधून अडत होती. दुरुस्तीवाल्यानं तेल घातलं आणि सांगून टाकलं, "जान है अम्मा, मगर भरोसा नक्को. जोडी में एक और रख लो." मुलगा रितेशही म्हणाला, "आई, साधी, स्वस्तातली बघ एखादी."

ही बातमी तन्वीनं वर पोचवली. रविवारी सकाळी सुजाता पर्स घेऊन दारात उभी.

"काकू, मी येते बरोबर. तुकडे जोडायला कुठली बरी पडेल, बघू या."

तन्वीच्या डोळ्यांसमोर नाही कसं म्हणायचं? तिघी रिक्षात बसल्या.

नामपल्लीच्या दुकानात जुन्या-नव्या मशिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या. सुजातानं फिरून बघितलं आणि एका काळपट, बिनफुलांच्या मशिनीवर हात ठेवला.

"ही घ्या काकू. फक्त सरळ टाका घालते, पण गोधडीला तेवढंच लागतं. जड आहे, जागची हलणार नाही. सुईखालचं भोक बारीक आहे, त्यामुळे तिकोनाचं टोक आत ओढत नाही."

तारामतीबाईंची नजर त्या मशिनीच्या शेजारी गेली. तिथं एक पांढरी मशीन होती, हलकी, चकचकीत. पुढे गोल बटण, बटणाभोवती नाना तऱ्हेच्या टाक्यांची चित्रं. सुजाताच्या मशिनीची धाकटी बहीण शोभली असती. स्वतःला मोटार आणि मला बैलगाडी, त्यांच्या मनात आलं. तेही पोरीच्या देखत.

"ती पांढरी दाखवा," त्या दुकानदाराला म्हणाल्या.

"अहो काकू, पण ते टाके तुम्ही कधी वापरणारसुद्धा नाही."

"मला डोळे आहेत, सुजाता."

सुजातानं काळपट मशिनीवरचा हात काढून घेतला. म्हातारा दुकानदार दोघींकडे बघून दाढी खाजवत म्हणाला, "पसंद अपनी अपनी, अम्मा. ले जाओ, सी के देखो. नहीं जमी तो बदल देंगे."

घरी आल्यावर तन्वीनं आजीच्या गळ्याला मिठी मारली. "सेम मावशीसारखी आहे." त्या मिठीनं तारामतीबाईंचा जीव थंड झाला. दोन दिवस तन्वी वर गेलीच नाही.

मग काळी मशीन खरोखरच अडून बसली. तोवर तिच्यावर आजीच्या ओळी जोडून झाल्या होत्या. उरलेल्या तन्वी पांढरीवर जोडायला बसली. संध्याकाळी दोघींनी सगळं जमिनीवर पसरलं, तर तन्वीच्या ओळी आखूड. चौकोनाशी चौकोन भिडेना. तिकोनांची टोकं चावल्यासारखी झालेली.

तन्वीनं एक ओळ उसवली, पुन्हा शिवली. पुन्हा आखूडच.

"काय करायलीस गं, इतकी ओढू नको."

"मी ओढत नाही. तू सांगितलंस तसंच केलं. पट्टी लावायची नाही, मशिनीच्या पायाच्या काठाला कापडाचा काठ." तिनं ओळ जमिनीवर टाकली. "मला येतच नाही आजी. मी नाही शिवत आता."

तारामतीबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. पांढरीचा कापड दाबणारा पाय त्यांनी नीट बघितला, मग काळीचा बघितला. पांढरीचा पाय चांगलाच रुंद होता. सुईला डाव्या-उजव्या बाजूला नाचायला जागा हवी म्हणून. त्याच्या काठाला कापड धरलं की शिलाईत जास्त कापड जाणार आणि चौकोन बारका होणार. पायाचा काठ बघ, हे त्यांनी आजवर प्रत्येक पोराला शिकवलं होतं. कुठल्या मशिनीचा पाय, हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता. घरात मशीन एकच होती.

तन्वी नाक पुसत होती. आता फक्त "हो, हात हलला तुझा" म्हटलं की झालं, पांढरी घरात राहिली असती, आणि वरच्या मजल्यावर कुणाला काही कळलं नसतं. पोरीनं मात्र सुई खाली ठेवली असती, बहुधा कायमची.

"तुझं नाही चुकलं," त्या म्हणाल्या. "मशीन चुकीची आणली मी."

"मग मावशी सांगत होती तेव्हा का नाही ऐकलंस?"

"जळत होते तिच्यावर."

तन्वी रडायची थांबली. "मोठी माणसं पण जळतात?"

"लई."

जिना चढताना तारामतीबाईंना दम लागला. सुजातानं दार उघडलं. त्यांनी उंबऱ्यातच उभं राहून सगळं सांगून टाकलं, पायाचं, टोकांचं, आखूड ओळींचं. जळण्याचं तेवढं नाही सांगितलं. पण तन्वीनं मागून ते सांगितलंच.

सुजाता हसली नाही. "मी चपला घालते," म्हणाली.

दुकानदारानं कुरकुर न करता पांढरी ठेवून घेतली आणि ती काळपट मशीन दिली. घरी आल्यावर सुजातानं चिकटपट्टीचा तुकडा काढला, सुईपासून मोजून पाव इंचावर चिकटवला आणि तन्वीचा हात आपल्या हातात धरून कापड त्या रेघेला लावून दाखवलं. दोन डोकी जवळजवळ आलेली बघून तारामतीबाईंच्या छातीत पुन्हा तीच जुनी कळ उठली. वाटलं, चहाच्या निमित्तानं आत जावं. त्या गेल्या नाहीत. जवळ येऊन वाकल्या.

"पाव इंच नको," त्या म्हणाल्या.

"पाव इंचच असतं काकू, सगळीकडे."

"असेल. पण आमच्या काळीचा पाय त्याहून अर्धा सूत कमी आहे. माझ्या ओळी झाल्यात तिच्यावर. हिला त्यांच्याशी जमवायचंय, सगळ्या जगाशी नाही."

सुजातानं जुनी ओळ उलटी करून शिलाईला पट्टी लावली, डोळे बारीक करून बघितलं. "खरंच की." तिनं नखानं चिकटपट्टी सोडवली. तारामतीबाईंनी तिच्या हातातून घेऊन केसभर आत चिकटवली. सुजातानं ती दाबून धरली.

"दोघी जरा बाजूला सरका," मधे चेपलेली तन्वी म्हणाली. "मला सुई दिसत नाहीये."