खारपाणातलं जहाज

माझ्या लेकीनं, आचलनं, समुद्र पाहिलेला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर लोक तेच खोदून खोदून विचारतात. आम्ही पूर्णा नदीकाठच्या खारपाण पट्ट्यातले. विहीर तुडुंब, पण पाणी असं खारट की डाळ शिजत नाही. नळ आला तर आला.

तरी पोरगी लिहिते समुद्रावरच्या भुतांच्या गोष्टी, आणि गावच्या शिवणवर्गातल्या बाया यंत्रं थांबवून ऐकतात. मी एकदा चिडून विचारलं, शेतातली भुतं काय वाईट आहेत? ती म्हणाली, शेतातल्या भुतापासून माणूस घराकडे पळतो, जहाजावरून पळणार कुठे? मला पटलं, पण कबूल करेन ती मी कसली.

अमरावतीत कथावाचनाची स्पर्धा निघाली. परीक्षक कोकणातले, तीस वर्षं जहाजावर काढलेले. आयोजकांनी फोन करून सुचवलं, त्यांच्यासमोर समुद्र नको, हसं होईल. आचल हट्टाला पेटली.

"हासले ना ते, तं मी लिहिनंच सोडून देतो," ती म्हणाली. ही बोलते ते करते.

स्पर्धेच्या दिवशी अमरावतीच्या राजापेठेत उतरलो तेव्हा तिचं लक्ष माझ्या हातातल्या रिकाम्या कॅनकडे गेलं. शहरात आलं की दहा लिटर गोडं पाणी भरून न्यायचं, ही आमची जुनी सवय. आज तरी आणायची नव्हती, असं ती पुटपुटली. सभागृहात मी कॅन खुर्चीखाली सरकवली आणि वरून पदर सोडला. राग आला होता, खोटं कशाला बोलू.

आचल वाचू लागली. जहाजावरचं प्यायचं पाणी संपलेलं. एकेक खलाशी समुद्राचं पाणी पितो आणि हसत सांगतो, गोड आहे. शेवटी उरलेल्या एकाला पाण्याखालून आईची हाक येते, ये, घागर भरून ठेवली आहे. परीक्षकांनी समोरचा पाण्याचा पेला तोंडाशी नेला आणि न पिता खाली ठेवला. मी त्या पेल्यावरून नजर काढलीच नाही.

ते हसले नाहीत. पेला बाजूला सारून त्यांनी विचारलं, "कोणत्या जहाजावर होतात तुम्ही? ही तहान ऐकून लिहिता येत नाही."

आचलनं माझ्याकडे पाहिलं. मग सरळ माझ्या खुर्चीकडे बोट केलं.

"माह्या मायच्या खुर्चीखाली कॅन हाये, सर. गावाले जातानी भरून नेतो आमी. आमच्या विहिरीत तोंडोतोंड पानी हाये, पन पेता येत नाई. तुमी तीस वर्षं जहाजावर होते. माही माय तीस वर्षं त्या विहिरीवर हाये."

सगळे वळून पाहू लागले. मी पदर बाजूला केला, कॅन काढली आणि मांडीवर घेतली. लाज कुठल्या कुठे गेली. एवढा अभिमान मला माझ्या लग्नातही वाटला नव्हता.

पहिलं बक्षीस तिलाच मिळालं. परतीच्या एसटीत चषक माझ्या पिशवीत होता, वांग्यांखाली. भरलेली कॅन मात्र तिनं मला धरू दिली नाही. गाव येईपर्यंत ती मांडीवर घेऊन बसली, सगळ्यांना दिसेल अशी.